भीमेच्या थडीची सपाट वाट: माचणूर, सरकोली आणि मंगळवेढा

माचणूरचा पट्टा आता पक्का झाला. सरकोलीचा निम्मा कळलाय, मंगळवेढ्याची गावफेरी डोळे मिटून सांगता येईल, आणि हत्तरसंग-कुडल अजून बाकी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर नदीकाठाने कुठून चालता येतं, कुठे थांबावं, कुठे मुकाट्याने मागं फिरावं, हे लिहून ठेवतोय. आपल्यासारखे गुडघे सांभाळून चालणारे बरेच आहेत, त्यांना कामी येईल.

नव्यांसाठी थोडं आधीचं. सोलापूरचा हौशी माणूस सुट्टी मिळाली की साताऱ्याकडे नाहीतर पुण्याकडे गड चढायला पळतो. आपल्याकडे काय आहे, तर माळ, ऊन आणि नान्नजचा माळढोक, असं आपणच चारचौघांत बोलतो. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा जिल्हा, बोलणारच. पण याच जिल्ह्यातून भीमा नागमोडी वळणं घेत जाते आणि तिच्या दोन्ही थडींना, म्हणजे काठांना, झाडीचा एक चिंचोळा पट्टा आहे. कुठे शंभर पावलं रुंद, कुठे दहा, कुठे उसानं पार खाल्लेला. चढ नाही, दम लागत नाही, आणि ऐन मार्चमध्येही सावली सापडते. आमच्या कट्ट्यावर गिरणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना शिवनेरीच्या पायऱ्या सांगितल्या की ते गप्प बसतात, थडीला चला म्हटलं की पिशवी घेऊन तयार.

माचणूर

सोलापूरहून मंगळवेढ्याच्या रस्त्याने साधारण चाळीस किलोमीटर. बेगमपूर ओलांडलं की भीमेचा पूल, पूल संपला की माचणूर. एसटीने येणाऱ्यांनी पुलाच्या पलीकडे उतरायचं. सिद्धेश्वराचं देऊळ, त्याला लागून किल्ल्याची तटबंदी, खाली घाट आणि पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ. पाणी चढलं की जटाशंकर नदीच्या पोटात जातात, उतरलं की पुन्हा दिसतात. आम्ही पाण्याची पहिली पारख त्यांच्यावरूनच करतो: देवळापर्यंत कोरड्या पायाने जाता येत असेल तर खालची वाट मोकळी, नाहीतर वरच्या बांधाने चाला.

घाटापासून नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या दिशेने, गुराख्यांची पायवाट आहे. ती धरायची. सुरुवातीला वेड्या बाभळीचं रान लागतं. त्यात काही अर्थ नाही, झपाझप पुढं जायचं, फक्त बाह्या सांभाळायच्या. ते संपलं की खरी थडी सुरू होते: करंज, जांभूळ, उंबर, मधूनच शिंदीचं झाड, खाली निर्गुडी. पाण्याला लागून लव्हाळा आणि पाणकणीस. करंजाच्या शेंगा बघा कधी हातात घेऊन. चपट्या, लाकडासारख्या कडक, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या. पूर त्यांना खाली वाहून नेतो आणि जिथं गाळ टाकतो तिथं त्याही टाकतो. म्हणून थडीला करंज एका ओळीत उगवलेले दिसतात, कुणी मुद्दाम लावल्यासारखे. ती ओळ म्हणजे कुठल्यातरी जुन्या पुराची कड.

पुराची खूण वाचायला शिकणं हा यंदाच्या चालण्यातला सगळ्यात मोठा नफा. २०२५ च्या सप्टेंबरात भीमेला मिळणाऱ्या सीनेला जो पूर आला तो जिल्हा विसरणार नाही. त्या हंगामात भीमाही भरून वाहिली. दिवाळीनंतर आम्ही माचणूरला उतरलो तेव्हा बाभळींच्या फांद्यांत पुराची घाण अडकलेली होती. एका बाभळीपाशी थांबून नीट पाहिलं. उसाचं पाचट, ज्वारीची धाटं, खताच्या पोत्याचा निळा धागा, नारळाची करवंटी आणि नऊवारीचा हिरवा काठ, हे सगळं इतकं घट्ट पिळून बसलेलं की हाताने सुटेना. आणि ते होतं काकांच्या डोक्याच्या वर हातभर. आपण उभे होतो तिथं महिन्याभरापूर्वी दीड पुरुष पाणी वाहत होतं, हे आकडे वाचून कळत नाही, तिथं उभं राहूनच कळतं. सगळ्या फांद्यांतला कचरा एकाच बाजूला, वरच्या अंगाला असतो. वळणाच्या आतल्या बाजूला तो विस्कटलेला आणि खाली असतो, कारण तिथं पाण्याचा जोर कमी. अशी आतली बाजू चालायला चांगली. गाळ साचून मळई झालेली, सपाट, पायाला मऊ. बाहेरच्या बाजूला नदी दरड पोखरत असते, तिथं कडेने चालू नये, वरून गवत दिसतं आणि खाली पोकळ असतं.

भीमेच्या पुराशी एका बादशहाचीही गाठ पडलेली आहे. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत इथंच, शेजारच्या ब्रह्मपुरीला होती. त्याने गावाचं नाव इस्लामपुरी केलं होतं. माचणूरचा किल्ला त्याच काळातला. दख्खन जिंकायला निघालेला माणूस चार वर्षं भीमेच्या काठी तळ देऊन बसला आणि १६९७ च्या पावसाळ्यात भीमेने छावणीत शिरून माणसं, जनावरं, सामान वाहून नेलं. तटावर उभं राहून खालची मळई पाहिली की तळ तिथंच का पडला असेल ते लक्षात येतं: सपाट जागा, जनावरांना पाणी, चारा. आणि पूर तिथंच का शिरला तेही. १६९९ मध्ये तो इथून साताऱ्याच्या वेढ्याला गेला. किल्ल्यात फार बघण्यासारखं उरलेलं नाही, खरं सांगायचं तर. बुरुजावरून दिसणाऱ्या नदीच्या वळणासाठी वर जायचं.

पाण्याचं वेळापत्रक

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात कामाचा हाच. आपली भीमा आता पावसावर कमी आणि उजनीवर जास्त चालते. धरण १९८० मध्ये पुरं झालं. तेव्हापासून उन्हाळ्यात नदीला पाणी असणं-नसणं वरून सोडण्यावर आहे. आषाढीच्या आधी चंद्रभागेत स्नानाला पाणी हवं म्हणून सोडतात. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नदीतूनच पाणी नेतात, ते वर्षातून काही वेळा. त्यामुळे पात्र आज कोरडं आहे म्हणून उद्याही असेल असं नाही. आभाळ निरभ्र, वर टिपूस नाही, आणि नदी हळूहळू चढत येते. फेब्रुवारीत सरकोलीजवळ आम्ही पात्रातल्या खडकावर डबे उघडून बसलो होतो. एक मेंढपाळ आजोबा काठावरून ओरडले, "काका, उठा की वो तिथनं, उजनीचं पाणी सुटलंय, सांजेला हितं गुडघाभर हुतंय!" आम्ही उठलो. संध्याकाळी परत येताना तो खडक दिसला नाही.

तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या कुणाला तरी फोन करायचा. मोटारी नदीला असलेल्या शेतकऱ्याला पाणी कधी येणार हे कुठल्याही वर्तमानपत्राच्या आधी माहीत असतं. दुसरं, कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकलेत की काढलेत ते विचारायचं. बर्गे टाकलेले असले की मागं कित्येक किलोमीटर पाणी तुंबतं आणि खालची पायवाट बुडते. तिसरं, वाळू उपसलेल्या जागा. पाणी शांत दिसतं, तळ सरळ दिसतो आणि मध्येच पुरुषभर खड्डा. पोहता येत असलं तरी पात्रात पाय घालू नका. यावर वाद घालणाऱ्याला आम्ही बरोबर नेत नाही.

सरकोली

पंढरपूर तालुक्यात, माण नदी भीमेला मिळते तिथं. माण वर्षातला बराच काळ कोरडी, संगमाजवळ मात्र तिच्या तोंडाला भीमेचं पाणी मागं सरकून थांबतं आणि उथळ, चिखलाचा पसारा तयार होतो. पक्षी तिथंच. डिसेंबर ते फेब्रुवारी ही वेळ. चक्रवाक जोडीजोडीने, शेकाटे, चित्रबलाक, नदी सुरय, काळे शराटी. खंड्या तर तारेवर बसून आपल्यालाच निरखत असतो. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही; सकाळी नऊच्या आत पोचलं पाहिजे एवढंच. पुढं ऊन पाण्यावर चमकतं आणि सगळे पक्षी काळेच दिसतात.

पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती, पावसाळ्यातली, आता रिकामी. साप-मुंगूस पोचू नये म्हणून पाण्यावरची फांदी निवडतात ती. एका घरट्याचं बोगदा-तोंड अर्धवट विणून सोडलेलं होतं. मादीला पसंत पडलं नाही की नर घरटं तसंच टाकून दुसरं विणायला घेतो. काका म्हणाले, टेंडर नामंजूर.

या पट्ट्याचा वरचा अर्धा भाग चाललो, खालचा नाही. मध्ये उसाचे फड अगदी पाण्याला टेकलेत आणि वाट शेतातून जाते. तोडणी चालू असताना फडात शिरायचं नाही, मालकाला विचारून बांधानेच जायचं, आणि कोप्यांसमोरून जाताना फोटो काढत सुटायचं नाही. तोडणीवाल्यांच्या कोप्या म्हणजे त्यांची घरं आहेत.

मंगळवेढा

माचणूरपासून मंगळवेढा चौदा-पंधरा किलोमीटर. हे अंतर हायवेने चालण्यात काही मजा नाही, एसटी धरा. गावात सकाळची दोन-अडीच तासांची फेरी आरामात होते: दामाजीपंतांचं मंदिर, काशी विश्वेश्वर, भुईकोटाचे अवशेष, कृष्ण तलाव.

मला हे गाव पंढरपूरपेक्षाही चालायला आवडतं, कारण इथं कुणी तुम्हाला ओढत नाही. बाराव्या शतकात कल्याणीची गादी बळकावणाऱ्या कलचुरी बिज्जलाचं हे ठाणं. महात्मा बसवेश्वरांचीही सुरुवातीची वर्षं इथली. पुढं संतांची रांगच. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत इथले, कान्होपात्रा इथली, आणि चोखोबा तर याच गावाच्या कुसाचं काम करताना १३३८ मध्ये भिंत कोसळून गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला नेल्या, महाद्वारासमोर समाधी आहे. आषाढीला त्या समाधीवर डोकं टेकवणाऱ्यांपैकी किती जण पंचवीसेक किलोमीटरवरच्या या गावात येत असतील, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. इथं आल्यावर गावकुसाच्या उरल्यासुरल्या भागाजवळ जरा थांबावं. काम कुणाकडून करून घेतलं आणि ढिगाऱ्याखाली कोण गेलं, ते तिथं सांगावं लागत नाही.

दामाजीपंतांची गोष्ट धान्याच्या कोठाराचीच का, ते गावाबाहेर पडलं की दिसतं. काळी सपाट जमीन, नजर पोचेल तिथवर ज्वारी. ही रब्बीची ज्वारी पावसावर नाही, जमिनीने परतीच्या पावसातून धरून ठेवलेल्या ओलाव्यावर पिकते. मालदांडी वाण आपल्याच मोहोळचं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जानेवारीत गेलात तर हुरडा चुकवू नका. ओळख असेल तर शेतावर, नसेल तर रस्त्याकडेला. शेंगाचटणी मात्र घरची न्या.

हीच काळी माती चालणाऱ्याची परीक्षाही घेते. पाऊस पडल्यावर दोन दिवस शेतवाटेला पाय घालू नये. बुटाला असा लगदा चढतो की पन्नास पावलांत एकेक पाय दोन किलोचा होतो. उन्हाळ्यात उलट: फूटभर खोल भेगा, काठी अडकते, घोटा मुरगळतो. त्यामुळे थडीला भारी ट्रेकिंग बूट नकोत. घोटा झाकणारे हलके कापडी बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला पंचा. पाणी माणशी तीन लिटर, कारण नदीशेजारी चालत असलो तरी ते पाणी प्यायचं नाही.

पुढं

हत्तरसंग-कुडल. दक्षिण सोलापुरात, भीमा-सीना संगमावर. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. सोलापूरचेच आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हरिहरेश्वराच्या देवळात १९९९ मध्ये सापडलेलं बहुमुखी शिवलिंगही तिथंच. देवळं पाहून झालीत, आता संगमावरून सीनेच्या काठाने वर किती चालता येतं ते बघायचंय. पुरानंतर सीनेची थडी बरीच बदललीय असं तिकडचे लोक सांगतात, दरडी नव्याने कोसळल्यात म्हणे. होळीच्या आत एक फेरी मारायचा विचार आहे, नंतर ऊन ऐकणार नाही. काठी असलेल्यांनी काठी आणा, आणि त्या बाजूच्या एसटीच्या परतीच्या वेळा कुणाला नक्की माहीत असतील तर आधी कळवा; गेल्या वेळची शेवटची गाडी बोर्डावर होती, स्टँडवर नव्हती.