एकवीस मिलिसेकंद

काका दुकानात आले ते एका हातात नॅसचा डबा, म्हणजे घरच्या नेटवर्कवर चालणारं अनेक डिस्कचं साठवणीचं यंत्र, आणि दुसऱ्या हातात वायरची पिशवी घेऊन. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क होती. तिच्यावर चिकटपट्टी लावून निळ्या पेनने लिहिलेलं होतं : ‘दोन नंबर. काढलेली.’ खाली तारीख. ती पिशवी मी काउंटरखालच्या कप्प्यात ठेवली आणि डबा उघडायला घेतला. माझ्या हातून जे चुकलं ते तिथंच चुकलं. दोन महिने झाले, अजून ते डोक्यातून जात नाही.

काका म्हणजे सांगली-मिरजेच्या बैठकांना तीस वर्षं माइक लावणारा माणूस. पोट बँकेतल्या नोकरीवर, जीव रेकॉर्डिंगवर. मिरजेच्या दर्ग्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतिउत्सवापासून ते कुणाच्या माडीवरच्या वीस माणसांच्या बैठकीपर्यंत जिथं परवानगी मिळेल तिथं हे कॅसेट डेक घेऊन जायचे. अकराशेच्या वर कॅसेट. निवृत्तीनंतर चार वर्षं बसून त्यांनी एकेक कॅसेट संगणकात उतरवली, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. साडेतीन टीबीच्या आसपास माल. मग ऑगस्ट २०१९ आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातल्या त्यांच्या घराचा तळमजला बुडाला. कॅसेटचं कपाट तळमजल्यावर होतं. नॅस माळ्यावर होता, म्हणून वाचला. तेव्हापासून त्या गाण्याची जगात एकच प्रत उरली, आणि ती या डब्यात.

‘यात चार डिस्क आहेत ना? मग बॅकअपच आहे की तो,’ असं त्यांना डबा विकणाऱ्यानं सांगितलं होतं. हे वाक्य मी वर्षातून पन्नासदा ऐकतो आणि दर वेळी चीड येते. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची पद्धत, हा बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढीच त्याची हमी.

काकांचा डबा रेड ५ होता. ४ टीबीच्या चार डिस्क, वापरायला १२ टीबी. डेटाचे ६४ केबीचे तुकडे तीन डिस्कवर पडतात आणि त्या तिघांचा एक्सॉर, म्हणजे बिटाबिटाची एक प्रकारची बेरीज, चौथीवर. चारी डिस्कवरचे असे समोरासमोरचे तुकडे म्हणजे एक ओळ. चौथीची पाळी ओळीओळीला बदलत जाते. कुठलीही एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींचा एक्सॉर केला की तिच्यावरचं जसंच्या तसं परत मिळतं. दोन गेल्या की संपलं.

चौदा महिन्यांपूर्वी दोन नंबर बाहेर पडली. डबा बीप करत होता. जो तंत्रज्ञ घरी आला त्यानं डिस्क काढून काकांच्या हातात दिली, सेटिंगमध्ये जाऊन बीप बंद केला आणि ‘तीनवर चालतंय, नवी आली की लावू’ म्हणून गेला. नवी डिस्क आली चौदा महिन्यांनी. ती लावली, रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचं नवीवर मोजून लिहिणं, सुरू झालं, आणि ३७ टक्क्यांवर चार नंबरनं वाचायला नकार दिला. रीबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात. एरवी वर्षानुवर्षं न वाचलेल्या कोपऱ्यात काय सडलंय ते नेमकं त्या दिवशी कळतं, आणि त्या दिवशी हाताशी जादा डिस्क नसते. त्याच तंत्रज्ञानं फोनवर सांगितलं, ‘सगळ्या काढून परत बसवा आणि चालू करा.’ काकांनी ते केलं नाही. वायरची पिशवी घेतली आणि माझ्याकडे आले. त्या एका शहाणपणानं निम्मं काम झालं होतं.

असे बहुतेक डबे आतून लिनक्सवरच चालतात. त्यामुळे डबा मेला तरी डिस्कवरचं लिखाण साध्या डेबियन लिनक्सच्या मशीनला कळतं, कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मी चारी डिस्कवर कप्प्यांचे नंबर टाकले आणि एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड-साधनाच्या एक्झामिन आज्ञेनं प्रत्येकीचा सुपरब्लॉक, म्हणजे रेडची माहिती असलेला डिस्कवरचा भाग, वाचला. तिथं इव्हेंट काउंट नावाचा आकडा असतो. रेडच्या स्थितीत बदल नोंदला गेला की तो वाढतो. कोण कधी मागे राहिलं ते त्यावरून कळतं. एक आणि तीन नंबर : ४८२१७. चार नंबर : ४८२०९. आठाचाच फरक, म्हणजे ती आत्ताच पडलेली. कप्पा दोनमधली नवी डिस्क ३७ टक्क्यांपर्यंत भरलेली, पुढे कोरी. ती बाजूला ठेवली.

या टप्प्यावर पुष्कळ जण क्रिएटची आज्ञा देऊन रेड नव्यानं बांधतात. डिस्कचा क्रम किंवा तुकड्याचा आकार चुकला आणि मशीननं समक्रमण सुरू केलं, की चांगल्या डेटावर कचरा लिहिला जातो. तसं करून आणलेल्या डिस्क मी परत पाठवल्या आहेत. मूळ डिस्कवर एक बाइटही लिहायचा नाही. आधी प्रत, मग सगळे प्रयोग प्रतीवर.

प्रतीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू. या साधनाबद्दल मला खरंच आदर आहे. खराब जागा आली की ते तिथं डोकं आपटत बसत नाही. उडी मारून पुढे जातं, सोपं ते आधी काढून घेतं आणि काय राहिलं याचा नकाशा एका साध्या मजकूर फाइलीत लिहीत जातं. वाचलं तिथं अधिकचं चिन्ह, नाही वाचलं तिथं वजाचं. वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं, आणि आमच्याकडे वीज जातेच.

एक आणि तीन नंबर साडेआठ-साडेआठ तासांत स्वच्छ उतरल्या. चार नंबर दुपारी लावली. पहिल्या फेरीत, खरवडणं (खराब जागेतला एकेक सेक्टर वाचून बघणं) बंद ठेवून, सगळं आलं, फक्त १२ एमबी सोडून. ४ टीबीतले १२ एमबी. मी त्या आकड्याकडे पाहून खूश झालो, आणि तिथंच मोह झाला. रात्री नऊला खरवडायची फेरी लावली, तीन वेळा फेरप्रयत्न करण्याची मुभा देऊन, आणि घरी गेलो. डिस्कचा आवाज बदलला होता. प्रत्येक प्रयत्नाला आतून टक-टक, मग दीर्घ शांतता. तो आवाज मी वीस वर्षं ऐकतोय. ती दमली आहे हे मला कळत होतं, आणि तरी मी लावली.

सकाळी आलो तेव्हा लॉगमध्ये पहाटे ३.१० नंतर काही नव्हतं. डिस्क फिरायचीच थांबलेली. परत वीज देऊन पाहिली, एकदा क्लिक, मग काही नाही. रात्रीतून बरंच मिळालं होतं. न वाचलेलं उरलं २,२६४ केबी, म्हणजे ४ केबीचे ५६६ ब्लॉक.

प्रतीच्या फाइली फक्त वाचायच्या डिस्क असल्यासारख्या (लूप) जोडल्या, वर ओव्हरले टाकला, म्हणजे काही लिहिलं गेलंच तर ते प्रतीत न जाता बाजूला पडेल, एक, तीन आणि चार अशा तिघींवर रेड जबरीनं पण फक्त वाचनापुरता उभा केला, जागेचे भाग पाडणारं एलव्हीएम जागं केलं, आणि ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था, तिचं जर्नल (अर्धवट बदलांची नोंदवही) न चालवता, माउंट केली, म्हणजे वाचण्यासाठी उघडली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोल्डरांची यादी पडद्यावर आली. १९८३. १९८४. १९८५. काकांना फोन केला. ते काही बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता.

पण ५६६ ब्लॉकचं काय? दोन नंबर आधीच गैरहजर, त्यामुळे चार नंबरवरचं एक भोक दोन ठिकाणी उमटू शकतं : तिथं तिचा स्वतःचा डेटा गेला, आणि त्या ओळीतला दोन नंबरचा तुकडाही मोजून काढता येत नाही. डीबगएफएस या साधनानं कुठला ब्लॉक कुठल्या फाइलचा ते शोधलं. एकोणचाळीस रेकॉर्डिंगांना भोकं होती. वेव्ह फाइलीत सेकंदाला ५,७६,००० बाइट लागतात, त्यामुळे ४ केबीचं भोक म्हणजे सात मिलिसेकंदांची ‘टक’. काही ठिकाणी भोकांची रांगच होती.

तेव्हा मला ती पिशवी आठवली.

दोन नंबर मी हिशेबातच धरली नव्हती. चौदा महिने जुनी, इव्हेंट काउंट ३१०५६, नियमानं ती बादच. तिला रेडमध्ये घातलं तर जुनं-नवं मिसळून सगळं नासतं, हे खरं आहे. पण काकांची गाणी त्या चौदा महिन्यांच्या कितीतरी आधीची. ज्या ओळीत त्यानंतर कुणी लिहिलंच नाही, त्या ओळीपुरती दोन नंबर जुनी नाहीच, ती आजचीच आहे. मी ती जोडली. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या, नोंदीत बदललेले सेक्टर फक्त आठ. सगळीच्या सगळी वाचली गेली, एकही चूक नाही. म्हणजे ती मेलेलीच नव्हती. घरगुती संगणकाची स्वस्त डिस्क होती. असली डिस्क एका हट्टी सेक्टरसाठी मिनिटभरही झगडत बसते आणि लिनक्स ठरलेले ३० सेकंद वाट बघून सोडून देतं. नॅससाठीच्या डिस्क सात सेकंदांत हात वर करतात आणि रेड तो तुकडा दुसरीकडून बांधून घेतो. थोडे पैसे वाचवायला कुणीतरी धडधाकट डिस्क चुकीच्या जागी बसवली होती, आणि ती आजारी म्हणून काढली गेली.

आता प्रश्न, कुठल्या ओळीत तिच्यावर विश्वास ठेवायचा? त्याची कसोटी सापडली तो क्षण या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा. भोकाच्या दोन्ही बाजूंना, त्याच तुकड्यात, चार नंबर वाचता येते. तिथं चारी डिस्कवरचे बाइट एक्सॉर करायचे. उत्तर शून्य आलं तर त्या ओळीला चौदा महिन्यांत हात लागलेला नाही. शून्य नसेल तर लागला आहे. पायथनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. ५६६ पैकी ५४९ ठिकाणी शून्य. तिथं एक, दोन आणि तीन यांच्या एक्सॉरनं चार नंबरचे हरवलेले ब्लॉक प्रतीत भरले. परत माउंट केलं, हेडफोन लावला, आणि जिथं टक वाजत होती तिथं आता तंबोरा अखंड वाजत होता. चुकीचं भरलं असतं तर तिथं खरखर झाली असती. मी ती तीस-चाळीस ठिकाणं एकामागून एक ऐकत राहिलो, जेवायचं राहून गेलं.

उरले सतरा. त्यातले नऊ रिकाम्या जागेत, तीन नातवाच्या मोबाइलच्या फोटोंत. गाण्यात पाच. तिथं शेजारच्या तुकड्यात नंतर फोटो येऊन बसले होते, म्हणून शून्य येत नव्हतं. मग असं धरलं की फोटो येण्याआधी ती जागा कधीच वापरलेली नसेल, म्हणजे तिथं कारखान्यातून आलेली शून्यंच असतील. फोटोच्या जागी शून्य घालून हिशेब केला. दोन ब्लॉक सुरात आले. तीन आले नाहीत, नुसती खरखर. ती जागा आधीही कशानं तरी भरलेली होती आणि नंतर पुसली गेली होती.

तीन ब्लॉक सलग. एकवीस मिलिसेकंद. १९८७ ची मिरजेतली एक खासगी बैठक, किराणा घराण्याची गायिका, विलंबिताआधीचा आलाप.

काका दुकानात येऊन बसले. मी त्यांना जागा सांगितली नाही, फाइल सुरुवातीपासून लावली. सात मिनिटं ते डोळे मिटून होते. बाई षड्जावर येऊन थांबतात तिथं त्यांनी बोट वर केलं. भोक तिथंच होतं.

‘काका, हे मी भरून देतो,’ मी म्हणालो. ‘आजूबाजूच्या सुरावरून सॉफ्टवेअर बेमालूम जोडतं. कुणालाही कळणार नाही.’

‘मला कळंल की रे,’ ते म्हणाले. ‘राहू दे तसंच.’ मग थोड्या वेळानं, ‘फाइलच्या नावात लिहून ठेव, किती मिनिटाला आहे ते.’

मी लिहिलं. डेटा दोन नव्या डिस्कवर वेगवेगळा दिला, एक पुण्याला लेकीकडे ठेवायला लावली.

आता माझा हिशेब. पहिल्याच दिवशी पिशवीतली डिस्क उतरवून घेतली असती, तर चार नंबरवरचे १२ एमबी समोर असतानाच मला कसोटी लावता आली असती. त्यातलं जवळजवळ सगळं दोन नंबरवरून भरलं असतं, आणि खरी गरज असलेले मोजके ब्लॉकच चार नंबरकडून मागितले असते. तेवढे तिनं कदाचित दिले असते. रात्रभर मी तिला जे खरवडायला लावलं, ते बहुतेक माझ्या काउंटरखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पडलं होतं. जुनी डिस्क म्हणजे टाकाऊ, हे मी न तपासता धरलं. ती डिस्क काढून देणाऱ्या तंत्रज्ञानेही चौदा महिन्यांपूर्वी तेच धरलं होतं.

चार नंबर क्लीनरूमला, म्हणजे धूळविरहित खोलीत डिस्क उघडून दुरुस्त करणाऱ्यांकडे, पाठवायचं मी काकांना सुचवलं, खर्च माझा म्हणालो. त्यांनी नको म्हटलं. डिस्क अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. नकाशाची फाइलही आहे. ब्लॉक भरले तसतशी त्यातली वजाची चिन्हं मी अधिक करत गेलो. गाण्याच्या वाट्याची एकच ओळ राहिली आहे : आधी जागेचा लांबलचक आकडा, मग सोळाच्या पायातलं ३०००, म्हणजे १२,२८८ बाइट, आणि शेवटी वजा.