मोडक्या ड्रिलमधून रॉक क्रॉलर : आतापर्यंतचं काम

रॉक क्रॉलर म्हणजे दगडांवरून हळूहळू चढणारी छोटी रिमोट गाडी. माझी गाडी आता स्वतःच्या चाकांवर उभी राहते, रिमोटवर पुढे-मागे जाते आणि चाकाच्या निम्म्या उंचीचा दगड न अडखळता चढते. बॉडी अजून नाही, वायरी झिप टायने बांधलेल्या आहेत आणि मागचे शॉक (धक्के शोषणारे) तात्पुरते आहेत. तरी आत्ताच लिहितोय, कारण मोजके पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, हे या टप्प्यावर पुरतं स्पष्ट झालंय. माझं मत असं: क्रॉलरमध्ये मोटरवर खर्च करू नका. टायर आणि स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) चांगला घ्या. ॲक्सलचे गिअर, बेअरिंग आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स तयार घ्यावंच लागतं, उरलेलं बरंचसं भंगारातून निघतं.

मोटरबद्दल इतक्या ठामपणे बोलतोय, त्यामागे साधा हिशोब आहे. गाडीचं वजन सुमारे २.५ किलो आणि टायरचा व्यास १०८ मिमी, म्हणजे त्रिज्या ५४ मिमी. गाडी सरळ उभी भिंत चढतेय असं जरी धरलं, तरी चारही चाकांवर मिळून लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) २.५ × ९.८१ × ०.०५४, म्हणजे १.३ न्यूटन-मीटरच्या आसपास. घर्षणात जाणारा वाटा वेगळा धरा, पण आकडा लहानच राहतो. लाकडात स्क्रू पिळणारं कुठलंही कॉर्डलेस ड्रिल याच्या कितीतरी पट देतं. म्हणून बॅटरी मेलेलं १२ व्होल्टचं ड्रिल उघडलं आणि त्याची मोटर गिअरबॉक्ससकट उचलली.

चक (ड्रिलचं बिट पकडणारा भाग) काढण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पुष्कळ जण इथेच अडकतात. जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तो निघाल्यावर चकमध्ये मोठी ॲलन की घट्ट पकडायची आणि तिच्या लांब टोकावर घड्याळाच्या विरुद्ध दिशेने एक फटका द्यायचा. चक स्पिंडलवरून मोकळा होतो. स्पिंडलवर बाहेरून ३/८ इंची, इंचाला २४ असे आटे आहेत. त्याच आट्यांचा हब गिअरला बसवला आणि मूळचा उलट्या आट्यांचा स्क्रू परत आतून आवळला. गाडी पुढे जाताना हब घट्ट होतो, मागे जाताना सुटू पाहतो आणि नेमका तेव्हा तो स्क्रू त्याला धरून ठेवतो. ड्रिल बनवणाऱ्यांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय, आपण फक्त ती रचना मोडायची नाही.

गिअरबॉक्सच्या आत प्लॅनेटरी गिअरच्या (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर, त्यांना वेढणारा रिंग गिअर) दोन पायऱ्या आहेत. मोटरच्या शाफ्टवर मार्करची खूण करून, स्पिंडल एकदा पूर्ण फिरेपर्यंत मोटरच्या फेऱ्या मोजल्या. गुणोत्तर ३६:१ निघालं, म्हणजे प्रत्येक पायरी सहाची.

आता क्लच. ड्रिलवर चकच्या मागे असलेली आकड्यांची रिंग बरेच जण काढून फेकतात. कृपा करून काढू नका. आतल्या रिंग गिअरवर स्प्रिंगच्या जोराने छोट्या गोळ्या दाबलेल्या असतात. भार ठरावीक मर्यादेपुढे गेला की रिंग गिअर घसरतो आणि स्पिंडल थांबतं. चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं तर ॲक्सलचे दात जाण्याआधी हा क्लच टकटक करत सुटतो. मोटर पूर्ण थांबत नसल्यामुळे ईएससीवर (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) प्रचंड करंटही येत नाही. वर काढलेला १.३ न्यूटन-मीटरचा आकडा ॲक्सलच्या गुणोत्तराने (२.९२, ते पुढे येतं) भागला, तर ड्राइव्हशाफ्टवर (ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) अर्धा न्यूटन-मीटरसुद्धा लागत नाही. म्हणून रिंग अगदी खालच्या आकड्यांवर ठेवलीय आणि ती बॉडीच्या बाहेरून बोटाने फिरवता येईल अशी जागा सोडलीय.

अशा ड्रिलमध्ये आणखी एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे स्पिंडल लॉक. चक एका हाताने आवळता यावा म्हणून ते दिलेलं असतं. मोटर स्पिंडलला फिरवू शकते, पण स्पिंडल मोटरला उलटं फिरवू शकत नाही. त्यामुळे चढावर थ्रॉटल सोडला की गाडी जिथल्या तिथे थांबते. बॅटरी काढली तरी ती मागे घरंगळत नाही. तीव्र उतारावर मात्र गाडीचं वजन मोटरच्या पुढे धावू पाहतं तेव्हा लॉक धरतं-सोडतं आणि खडखड होते. थ्रॉटल किंचित जास्त दिला की ती थांबते.

चासीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २० × २० × २ मिमीचा ॲल्युमिनियम अँगल, दोन रेल, मध्ये आडव्या पट्ट्या, सगळीकडे नायलॉक (आपोआप न सुटणारे) नट. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३१३ मिमी ठेवला, कारण १/१० मापाच्या बऱ्याच तयार बॉडी त्यावर बसतात.

गिअरबॉक्स लांबीच्या दिशेने बसवलाय. त्याच्या खालून एकच आरपार शाफ्ट जातो, पुढचं टोक पुढच्या ॲक्सलला आणि मागचं मागच्या. स्पिंडल आणि हा शाफ्ट यांना जोडणारे दोन गिअर, दोन्ही ३० दातांचे, मॉड्यूल (दाताचं माप, मिमीत) १. दोन केंद्रांमधलं अंतर मॉड्यूल गुणिले दातांच्या बेरजेच्या निम्मं, म्हणजे बरोबर ३० मिमी. पुढची-मागची प्लेट एकत्र पकडून भोकं एकदमच पाडली, म्हणजे शाफ्ट तिरका बसायचा प्रश्नच नाही. मेश, म्हणजे दात एकमेकांत कितपत बसलेत ते, तपासायला साध्या कागदाची पट्टी दोन गिअरमधून फिरवायची. पट्टी चुरगळून पण अखंड बाहेर आली तर बरोबर. दातांनी कापली गेली तर फार घट्ट. नुसतीच सरकली तर सैल.

ॲक्सलसाठी ३८ आणि १३ दातांचे बेव्हल गिअर तयार घेतले. घरी गिअर कापायच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. हाउसिंग मात्र ॲल्युमिनियम प्लेट आणि स्पेसरचं स्वतः बनवलंय. दोन्ही ॲक्सलना डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नाही, त्याजागी दोन्ही चाकं एकत्र जखडणारा पोलादी स्पूल. एक चाक हवेत लटकलं तरी दुसऱ्याला पूर्ण जोर मिळतो. बदल्यात वळणाचा घेर वाढतो. एकूण गुणोत्तर ३६ × २.९२, म्हणजे १०५:१. ही मोटर ७.४ व्होल्टवर मोकळी असताना मिनिटाला साधारण ११,००० फेऱ्या घेते, म्हणजे चाकाला १०५ च्या आसपास. १०८ मिमीच्या टायरचा परीघ ३३९ मिमी, त्यावरून ताशी दोन किलोमीटरच्या जरा वर. क्रॉलरला याहून जास्त वेग हवाय असं मला वाटत नाही.

ड्राइव्हशाफ्टवर थोडं थांबतो. शाफ्टची दोन्ही टोकं युनिव्हर्सल जॉइंटची, आणि मधे एकमेकांत सरकणाऱ्या चौकोनी नळ्या. युनिव्हर्सल जॉइंट कोनात वाकला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. ३० अंशांच्या कोनात हा वेग ०.८७ ते १.१५ पट असा हेलकावतो. सस्पेन्शन पूर्ण ताणलं की क्रॉलरमध्ये ३० अंश अगदी सहज येतात. दोन टोकांच्या जॉइंटचे मधल्या शाफ्टवरचे काटे एकाच पातळीत असले आणि दोन्हीकडचा कोन सारखा असला, तरच एकाचा हेलकावा दुसरा खोडून काढतो. चौकोनी नळी चुकीच्या बाजूने घातली की काटे ९० अंशांनी फिरतात आणि खोडण्याऐवजी हेलकावा वाढतो. मग हळू चालताना गाडी झटके देत पुढे सरकते आणि माणूस ईएससीला दोष देत बसतो. नळी घालण्याआधी दोन्ही भागांवर पंचने एकेक ठिपका मारून ठेवला, की शाफ्ट कितीही वेळा काढा, ठिपक्याला ठिपका जुळवायचा.

लिंक (ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्या) म्हणजे आट्यांची सळई, वरून ॲल्युमिनियमची नळी आणि टोकांना प्लास्टिकचे बॉल जॉइंट. वरच्या लिंकना एम३ (३ मिमीची सळई) पुरते. खालच्या लिंक दगडावर अक्षरशः घासत जातात, एम३ वाकते. तिथे एम४ घातली आणि नळीवरचे कंगोरे कानशीने गुळगुळीत केले. खालच्या लिंकवर बोल्टचं डोकं बाहेर आलेलं असेल तर गाडी नेमकी त्याच्यावरच अडकते.

सर्व्हो २० किलो-सेंटिमीटरचा, मेटल गिअरचा आहे. २ सेंटिमीटरच्या हॉर्नवर (सर्व्होच्या शाफ्टवरची दांडी) तो १० किलोचा जोर देतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण लॉक केलेला ॲक्सल आणि दगडांत रुतलेली दोन चाकं वळवताना त्यातलं फारसं शिल्लक राहत नाही. असा सर्व्हो अडला की दोन-तीन ॲम्पिअर ओढतो. ईएससीतल्या छोट्या बीईसीला (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारं सर्किट) ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी ऐन दगडावर मेल्यासारखी होते. म्हणून ६ व्होल्ट, ५ ॲम्पिअरचा वेगळा बीईसी थेट बॅटरीवरून दिलाय. ईएससीच्या प्लगमधली लाल वायर मात्र काढून टेप लावायची, नाहीतर दोन बीईसी एकमेकांवर चढतात. बॅटरी २एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर), सोबत सेलमागे ३.५ व्होल्टला वाजणारा अलार्म.

टायर मऊ रबराचे, १.९ इंची रिमचे, विकत घेतले. सोबतचा फोम एकाच घट्टपणाचा होता. माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. आत घट्ट ईव्हीए फोमची रिंग कापून घातली, तिच्यावर साध्या मऊ स्पंजचा थर. मऊ थर दगडाच्या कडेवर दबतो आणि टायरचे ठोकळे त्या कडेला धरतात. आतली घट्ट रिंग टायरला रिमपर्यंत बसू देत नाही, त्यामुळे आडव्या उतारावर गाडी एका बाजूला लोळत नाही. बाहेरचा थर टायरच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित लहानच कापा. ठासून भरलेला फोम टायरला फुगवतो आणि मग मऊ रबराचा उपयोग राहत नाही. रिमला हवा जायला छोटं भोक हवंच. नाहीतर आत कोंडलेली हवा टायरला दबू देत नाही आणि तो चेंडूसारखा उसळतो.

वजनाचं काम या महिन्यातलं. फळीवर सँडपेपर चिकटवून गाडी आडवी उभी केली आणि वरची चाकं सुटेपर्यंत फळी उचलली. सस्पेन्शन झिप टायने बांधलेलं होतं. गाडी ४२ अंशांवर कलंडली. दोन टायरच्या मध्यांतलं अंतर १९० मिमी, त्याचं निम्मं ९५. त्याला ४२ अंशांच्या टॅनजंटने, म्हणजे ०.९ ने भागलं की गुरुत्वमध्याची उंची येते, सुमारे १०५ मिमी. मग बॅटरी गिअरबॉक्सच्या वरून काढून पुढे खाली, दोन रेलच्या मध्ये नेली. रिमच्या आतून चाक बॅलन्सिंगच्या शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या, पुढच्या चाकांत प्रत्येकी ११० ग्रॅम आणि मागच्यांत ५०. आता कलंडण्याचा कोन ४६ अंश आणि गुरुत्वमध्य सुमारे ९२ मिमीवर. शिसं हाताळताना हातमोजे घाला आणि ते कानशीने घासू नका, त्याची धूळ विषारी असते.

पुढच्या चाकांवर आता वजनाचा ५८ टक्के वाटा येतो. उभ्या चढावर पुढचं टोक खाली दाबलेलं राहतं आणि गाडी पाठीवर उलटत नाही. पण जोर लागला की चासी अजून एका बाजूला झुकते, एकीकडचं पुढचं चाक हलकं होतं. हा ड्राइव्हशाफ्टच्या टॉर्कचा परिणाम आहे. मागच्या दोन स्प्रिंगना वेगवेगळा प्रीलोड (आधीपासूनचा दाब) देऊन तो कमी होतो, पूर्ण जात नाही. मागचे तात्पुरते शॉक बदलून तेलाचे बसवले की आधी प्रीलोड जुळवायचा, मग वरच्या लिंकची चासीकडची भोकं एक पायरी खाली सरकवून तीच फळी पुन्हा लावायची. बॉडीचा विचार त्यानंतर, आणि ती पातळ पॉलिकार्बोनेटचीच असेल, कारण खाली आणलेला गुरुत्वमध्य जड बॉडीने पुन्हा वर न्यायचा नाही.