जत्रेतलं टेबल

२०२२च्या गुढीपाडव्याला राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले आणि दोन वर्षं अडलेल्या जत्रा एकदम सुटल्या. तेव्हा पुणे जिल्ह्यात वेल्ह्याकडे, नात्यातल्या गावी गेलो होतो. पाळणे, भेळ, रात्री पालखीचा छबिना, सगळं दणक्यात. मास्क म्हणाल तर एकट्या आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या तोंडावर.

त्यांच्या हातात कोरोना लसीचा दुसरा डोस राहिलेल्यांची यादी. इकडे आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर बूस्टर डोस कुठे स्वस्त मिळेल यावर तेव्हा रोज काथ्याकूट! मी विचारलं, "ताई, लोक घाबरतात का सुईला?"

"घाबरणारे थोडेच हो. कोविशील्डच्या कुपीत १० डोस. उघडली की ४ तासांत संपवायची, नाहीतर वाया. वाडीवर जमतात चौघं. मग फोडणार कशी? दहा जमेपर्यंत एक गुरांमागे गेलेला, दुसरा कामाला पुण्यात." त्यात दोन डोसमध्ये ८४ दिवसांचं अंतर, तोवर कोण कुठे!

आणि ही लस बनली कुठे, तर पुण्याजवळच्या मांजरी गावात. याच जिल्ह्यात. मे २०२१ मध्ये शहरात स्लॉट मिळेना, तेव्हा लसनोंदणीच्या कोविन साइटवर गावची केंद्रं शोधून गाड्या काढणारेही आपणच पुणेकर. असो.

जत्रा नको असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट मुंबई-पुण्याचे सगळे गावात, दहा माणसं गोळा करायला यापेक्षा बरा दिवस कुठला? ताईंनी तेच केलं. नर्सबाईंना घेऊन नारळवाल्याशेजारी टेबल टाकलं. एक आजोबा बाही वर करतच आले, "छबिन्याच्या आधी टोच गं बाई, नंतर मी काय सापडायचा नाही."