रिडेव्हलपमेंटसाठी आईचं घर रिकामं केलं, त्याचा अनुभव

आईची कोथरूडची सोसायटी शेवटी रिडेव्हलपमेंटला गेली. ८५ सालची बिल्डिंग, तीन मजले, लिफ्ट नाही, कधीतरी होणारच होतं. २०१९ च्या जीआरनंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आधी ७५ लागायची, त्यामुळे वर्षानुवर्षं नुसतं चहा-बिस्किटांवर चाललेलं प्रकरण एकदम पळायला लागलं आणि पत्र आलं की अमुक तारखेच्या आत घर रिकामं करून चावी द्या. भाड्याचं घर मिळालं वन बीएचके, आणि इकडे चाळीस वर्षांचा संसार, दोन गच्च भरलेले माळे, बाल्कनीतलं कपाट आणि पलंगाखालच्या ट्रंका वेगळ्याच.

आईला "हे टाकू का" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "राहू दे, लागेल." मग बोहारीण, भंगारवाला, कामाच्या मावशी, वाचनालय यांच्यातलं कोण काय नेईल हे मी आधी शोधून ठेवलं आणि मग विचारायला लागले, "हे मावशींच्या मुलीला देऊ का, तिचं नवीन बिऱ्हाड आहे." लगेच "हो हो दे, आणि तो मोठा कुकर पण दे." आईला वस्तू जाण्याचं दुःख नव्हतंच, ती वाया जाण्याचं होतं. हे कळल्यावर निम्मं घर हलकं झालं म्हटलं तरी चालेल.

सुरुवात कागदांपासून करू नका. कागद वाचत बसलं की दुपार जाते. मी आधी स्वयंपाकघर घेतलं. पितळेची पातेली, तांब्याचा बंब, कळशा, वापर शून्य. भंगारवाल्याला देण्यापेक्षा भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून घातली तर भाव बराच बरा मिळतो, फक्त लोखंडी कडी किंवा मूठ असेल तर ती वजनात धरत नाहीत, आधी काढून न्या. मी तुळशीबागेजवळच्या दुकानांत आणि कसब्यात तांबट आळीत दोन्हीकडे विचारून मग दिलं. आजीचा घंगाळ मात्र मी ठेवून घेतला, तो आता माझ्या बाल्कनीत आहे आणि त्यात झाड लावायचं नाही अशी आईची ताकीद आहे.

कपड्यांना सगळ्यात जास्त वेळ गेला. धड साड्या मावशींनी नेल्या, विटलेल्या बोहारणीला, तिने घासाघीस करून एक स्टीलचा डबा दिला, म्हणजे घरात परत एक डबा आला! जुन्या जरीच्या साड्या घेणारे लोक असतात पण ते जरीचा धागा घासून बघतात, खरी चांदीची जर असेल तर पैसे, टेस्टेड म्हणजे नकली असेल तर हात पण लावत नाहीत. आईच्या शालूची जर खरी निघाली आणि हे कळल्यावर तिने तो विकायचाच नाही ठरवलं. ठीक आहे.

फर्निचरमध्ये एकच नियम दिसला, सागवानी असेल तर माणूस स्वतःचा टेम्पो घेऊन येतो, प्लायवूडचं असेल तर न्यायला उलट आपल्याकडेच पैसे मागतात. गोदरेजचं कपाट आलं आमच्याबरोबर, त्यावर चर्चाच नव्हती. कापसाच्या गाद्या कोणी नेत नाही, त्यातल्या दोन गादीवाल्याकडून पिंजून एक नवीन करून घेतली, बाकीच्या आणि फुटक्या बादल्या वगैरे 'स्वच्छ'च्या ताईंना विचारून दिल्या. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते, पण मोठं सामान रोजच्या कचऱ्यात ठेवायचं नाही, वेगळं सांगावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे द्यायचे. द्यावेत, तीन मजले उतरवायचं असतं त्यांना.

जुना डबा टीव्ही हा एक वैताग. भंगारवाला त्यातली तांब्याची वायर काढून घेतो आणि काच कुठेतरी टाकून देतो, त्या काचेत शिसं असतं. म्हणून तो, मिक्सर, मेलेला इन्व्हर्टर हे सगळं ई-वेस्टवाल्यांकडेच दिलं, पैसे जवळजवळ काही नाही मिळाले. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे मात्र मिळतात, बॅटरीच्या दुकानात जुनी देऊन नवीनवर कमी करून घ्यायचं. पुस्तकांचं म्हणाल तर वाचनालयं हल्ली सरसकट घेत नाहीत, गाईडं आणि जुनी टेक्स्टबुकं थेट रद्दी. पण जुने दिवाळी अंक रद्दीत घालू नका, ते जमवणारे लोक आहेत आणि स्वतः येऊन नेतात.

आता कागद. इथे मात्र घाई नको. लाइट बिलं, गॅसच्या पावत्या, बंद झालेल्या बँक खात्यांची चेकबुकं (फाडून) गेली. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पाच शेअर पन्नास पन्नास रुपयांचे, ते बाबांच्या हस्ताक्षरातल्या 'किरकोळ' लिहिलेल्या फाइलमध्ये होतं, आणि रिडेव्हलपमेंटच्या ॲग्रीमेंटला तेच लागतं. त्याच फाइलमध्ये आईच्या नावाचे एका कंपनीचे कागदी शेअर निघाले, कंपनीचं नावही मधे बदललेलं. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत (वारसाहक्काचं वेगळं), आधी डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात, करावे लागतात. त्यासाठी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था) आयएसआर-१ फॉर्म केवायसीसाठी, आणि तीस वर्षांत आईची सही पार बदललेली म्हणून आयएसआर-२, त्यावर बँकेकडून सही ॲटेस्ट करून आणायची. शिवाय सात वर्षं सलग डिव्हिडंड उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात (कोणी न मागितलेले डिव्हिडंड आणि शेअर जिथे जमा होतात तो) जातात, मग तिकडे वेगळा क्लेम. आमचे गेलेत. प्रकरण चालू आहे. बाबांच्या विसरलेल्या एफडी आहेत का ते रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधलं, तिथे नुसतं कळतं, पैसे त्या त्या बँकेतूनच घ्यायचे.

आणि हो, व्यंकटेश स्तोत्राच्या पोथीत पाचशेच्या चार जुन्या नोटा निघाल्या. आईने चेहरा असा केला की जणू मीच ठेवल्यात. २०१७ च्या कायद्याने दहापर्यंत ठेवायला हरकत नाही म्हणून राहू दिल्या पोथीतच.

देवाचे फोटो पिंपळाखाली नेऊन ठेवतात लोक, मला ते अजिबात पटत नाही, कुत्री लोळतात तिथे. आम्ही फ्रेम आणि काच वेगळी केली, भटजींना विचारून कागद घरीच बादलीत भिजवून लगदा कुंडीत घातला.

दादा अमेरिकेत. व्हिडिओ कॉलवर प्रत्येक वस्तूला "अगं ते ठेव ना", त्याच्या कॉमिक्सना, त्याच्या बॅटला, कॅसेटींना. शेवटी एक ट्रंक त्याच्या नावाने भरली आणि ठाण्याला मावशीकडे पोचवली, पुढचं त्यांचं त्यांनी बघावं. मावशीचा परवा फोन आला होता, त्यांच्या सोसायटीत पण रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागलीये.