हरिहरला कधी नेणार?

"ताई, यंदा तरी पोरांना हरिहरला नेताय ना?" जून लागला की हे फोन सुरू होतात. मी रविवारी सकाळी नाशिकच्या इंदिरानगर-सिडकोकडच्या सहावी ते आठवीच्या मुलांना घेऊन डोंगरात जाते, हे ज्यांना ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कधी ना कधी हे विचारलंय. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या त्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांच्याच मोबाइलवर आहेत. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही. यंदाही आम्ही पांडवलेणीलाच जाणार.

"पांडवलेणी? ती तर आमच्या गच्चीतून दिसते!" हे पुढचं वाक्य ठरलेलं. दिसते म्हणूनच तर.

पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरवर काय होतं ते पाहिलंय मी. चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद जिन्यावर अडकलेले, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर पुढच्याच्या बुटाची टाच. किल्ला उत्तमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण काय बघायचं हे कळू लागलेल्या मुलाने तिथे जावं. ते कळायला एकाच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि त्यासाठी जागा घराजवळ हवी.

पांडवलेणी म्हणजे त्रिरश्मी डोंगराच्या पोटातली 24 लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरत आणलेली. मुलं पहिल्या फेरीत फक्त पायऱ्या चढतात आणि डबे उघडतात. उघडू दे. खरी गंमत दहाव्या लेण्यात आहे. तिथल्या शिलालेखात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याच्या दानाचा हिशेब कोरलाय. त्याने 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेवले: 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या 20 भिक्षूंना चिवरांसाठी (अंगावरच्या वस्त्रांसाठी) प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे.

हे वाचून दाखवलं की मी गप्प बसते. वह्या निघतात. महिन्याला 20, वर्षाला 240. आणि 20 भिक्षू गुणिले 12, पुन्हा 240. चोख! "म्हणजे एफडीच की," सातवीतला एक जण म्हणाला होता. गणिताच्या तासाला ज्याची मान वर होत नाही, असं त्याची आईच सांगते. गोवर्धन नावाचं गाव आजही गंगापूर रस्त्यावर आहे, हे सांगितलं की दोघं-तिघं उठून ते कुठल्या दिशेला असेल यावर भांडू लागतात.

मग कोणीतरी विचारतंच: भिक्षू फक्त पावसाळ्यातच का राहायचे? बाकीचे महिने कुठे जायचे? उत्तर मला येतं, पण मी देत नाही. जुलैत परत आणते. चिखलात पाय रुततात, पायथ्याकडचे ओहोळ भरलेले असतात, शेतात नुकते कोंब आलेले असतात. त्या काळी पायी फिरणाऱ्या माणसाने अशा दिवसांत थांबावं कुठे, हे मग मुलंच मला सांगतात. लेण्यांशेजारी खोदलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या, उन्हाळ्यात त्यांना नुसते खड्डे वाटलेले असतात. पावसात त्या भरताना बघितल्या की पाणी कुठून येतं ते शोधायला पोरं कातळावर नजर फिरवू लागतात. एकदाच आलेल्या मुलाला यातलं काहीच दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. खडक कुठला, लाव्हाचे थर कसे, हे तर मी जाता जाता सांगते. ते पुस्तकातही आहे. पण 2021 मध्ये पुरातत्त्व खात्याला याच डोंगरात आणखी लेणी सापडली, एवढं सांगितलं की प्रत्येक झुडपामागे वाकून बघणं सुरू. मग त्यांना आवरणं हेच माझं काम.

दुसरा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात: बिबट्या? नाशिकमध्ये हा प्रश्न फाजील नाही, कॉलनीत बिबट्या शिरल्याची बातमी आपण सगळेच वाचतो. म्हणून नीट उजाडल्याशिवाय आम्ही निघत नाही, कोणी एकटं मागे राहत नाही, आणि गप्पांना बंदी नाही. दिसलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही. मला खरी धास्ती आग्या मोहोळाची वाटते. कड्याला पोळं असेल तर अत्तर, डिओ, धूर, दगड, सगळं वर्ज्य. माशा उठल्याच तर हात झटकत बसायचं नाही, तोंड झाकून तिथून लांब व्हायचं. हे मुलांना पाठ आहे. डिओ मारून येतात ते हौशी बाबा लोक.

शाळांनी खरं तर हे सहज करावं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवलेत, सुतार, माळी, कुंभार अशा माणसांकडून काम शिकायला. शिवाय वर्षभरात दप्तराविना इतर दिवसही ठेवावेत, मुलांना बाहेर न्यावं, असंही म्हटलंय. त्यातले चार दिवस एकाच डोंगराला द्या, असा प्रस्ताव मी एका शाळेत घेऊन गेले. पावसाआधी, पावसात, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास. "चारही वेळा तीच जागा? पालक पैसे देणार नाहीत," असं उत्तर आलं. मी म्हटलं, पैसे कशाचे? पाथर्डी फाट्यापर्यंत शहर बस येते, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीटच नाही.

सध्या दोन दिवस मंजूर झालेत. उरलेले दोन मागायला दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा जाणार आहे, मुलांच्या वह्या सोबत घेऊन.