२६ किलोमीटर, तीन माथे आणि फसलेला हिशोब

आदल्या रात्री वहीत लिहिलं होतं: पावणेचार तास. गाडीपाशी परत आलो तेव्हा घड्याळात ५ तास ४१ मिनिटं झाली होती, बाटल्या कोरड्या पडल्या होत्या आणि डोंगरात सोबत पळणारा जोडीदार माझ्याशी बोलत नव्हता. रागावला नव्हता तो, बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

वाट गोल आहे. रानाच्या कडेला गाडी लावायची, दाट झाडीतून चढत ७ किलोमीटरवर पहिला माथा. तिथून डोंगरधारेने दुसरा. मग खिंडीत उतरून पुन्हा चढून तिसरा, आणि शेवटचे ९ किलोमीटर जंगलातून, ओढ्याच्या काठाने खाली. एकूण २६ किलोमीटर आणि १,४०० मीटर चढ. वर्षानुवर्षं रानात पळणारा माणूस अशा वाटेचा हिशोब चुकवतो कसा? तर असा: सपाटीवर निवांत पळताना मला किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागतात. २६ किलोमीटरचे झाले पावणेतीन तास, चढाचा म्हणून वर एक तास टाकला, झालं. रस्त्यावरच्या डोक्याने डोंगर मोजला.

ट्रेलवाल्यांचा, म्हणजे डोंगरातल्या-रानातल्या पायवाटांवर पळणाऱ्यांचा, साधा ठोकताळा आहे, आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनाही तोच वापरते: दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. म्हणजे आमचे २६ नव्हे, ४० किलोमीटर. साडेसहाने गुणलं की ४ तास २० मिनिटं. आणि चालणाऱ्यांचा जुना नियम, विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: ताशी साधारण ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. त्याने येतात साडेसात तास. या दोन आकड्यांच्या बरोबर मध्यावर सहाच्या जरा अलीकडे काहीतरी येतं. आम्हाला किती लागले ते वर लिहिलंच आहे. आता मी दोन्ही आकडे काढतो, मधला धरतो आणि घरी तोच सांगून निघतो.

उजाडायच्या आधी निघालो. पहिली ४० मिनिटं हेडटॉर्चच्या उजेडात. पुढे पळणाऱ्याच्या तोंडावर कोळ्यांची जाळी येतात, म्हणून दर दहा मिनिटांनी पुढचा मागे, मागचा पुढे असा आमचा करार असतो. टॉर्च कपाळावर असली की मुळांच्या सावल्या दिसत नाहीत, कारण उजेड आणि डोळा एकाच रेषेत असतात. सगळं सपाट वाटतं आणि पाय अडखळतो. मी टॉर्च कमरेच्या पट्ट्याला लावतो. उजेड खालून तिरका पडतो आणि प्रत्येक मुळाला काळी कड येते. रात्री पाऊस पडून गेला होता. ओल्या पानांवर बूट तसे घसरत नाहीत, पण पानांखालच्या साल निघालेल्या मुळावर कुठल्याही कंपनीचा कसलाही सोल टिकत नाही. मूळ दिसलं की त्याच्यावर नाही, त्याच्या पलीकडे पाऊल. आणि नजर पायाखाली नको, तीन-चार पावलं पुढे. पायांनी मघाशी पाहिलेलं लक्षात ठेवलेलं असतं, त्यांच्यावर विश्वास टाकायचा.

पाचव्या किलोमीटरनंतर खडा चढ लागतो. इथे पळू नका. नवख्या माणसाला चालणं म्हणजे हार वाटते, पण ठरावीक तीव्रतेच्या वर पळणारा आणि तळवे गुडघ्यांच्या वर टेकवून दमदार चालणारा जवळजवळ एकाच वेगाने वर सरकतात; पळणाऱ्याचा श्वास तेवढा फुलतो. जोडीदार या चढावर पळाला. माझ्यापेक्षा दोन मिनिटं आधी माथ्यावर पोचला आणि ती दोन मिनिटं त्याने माझी वाट बघण्यात घालवली.

पहिला माथा: १ तास २५ मिनिटं. ढगात. खाली झाडीत घाम निथळत होता आणि इथे मिनिटभरात दात वाजायला लागले. उंचीबरोबर हवा दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हे शाळेत शिकलेलं असतं. पण खरा मार वाऱ्याचा असतो, आणि अंगावर ओला बनियन असला की विचारूच नका. जोडीदाराने जॅकेट आणलं नव्हतं. “पळताना कशाला लागतंय?” हे त्याचं सकाळचं वाक्य. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक वादळी वारा, पाऊस आणि गारा आल्या आणि २१ धावपटू गेले. सरावाची माणसं होती ती, त्यात देशातले नावाजलेले अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याचे, धावपटूही होते. बरेच जण चड्डी-बनियनवर होते. मुठीएवढं घडी होणारं वाराबंद जॅकेट, दीडशे ग्रॅमचं, माझ्या पाठीवर बारा महिने असतं. आमच्या त्या दिवशी ते जोडीदाराने घातलं आणि मी माथ्यावर थांबलोच नाही.

पहिल्या ते दुसऱ्या माथ्यामधली डोंगरधार. सगळा खटाटोप याच्यासाठी. साडेचार किलोमीटर, हलके चढउतार, पायाखाली आखूड गवत आणि मधूनमधून उघडा कातळ. ढग दोन्ही बाजूंनी वर चढून धारेवर एकमेकांना भिडत होते आणि आम्ही त्यांच्या मधल्या फटीतून पळत होतो. इथे मी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्या माथ्यावर दगडांची रास आहे, त्यातल्या एका चपट्या दगडाच्या खळग्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि त्यात एक पिवळं पान अगदी सावकाश स्वतःभोवती फिरत होतं. आम्ही दोघं ते बघत किती वेळ उभे होतो कोण जाणे. घड्याळाने नोंदवलेल्या वाटेवर ६ मिनिटांचा ठिपका दिसतो.

तिथून खिंडीपर्यंतचा उतार घसाऱ्याचा. उतरायला लागण्याआधी दोन मिनिटं थांबून लेस नीट बांधा. बुटाच्या सगळ्यात वर, घोट्यापाशी, एक जास्तीचं भोक असतं. बहुतेकांना ते कशासाठी आहे तेच ठाऊक नसतं. लेस त्या भोकातून त्याच बाजूला ओवून छोटी कडी करायची, समोरची लेस त्या कडीतून ओढून मग गाठ मारायची. टाच मागे घट्ट बसते आणि बोटं पुढच्या टोकावर आदळत नाहीत. हे मला कळेपर्यंत माझी चार नखं काळी पडून गळाली होती. उतारावर मागे झुकू नका. मागे झुकलं की वजन टाचेवर जातं आणि टाच निसटते. लहान पावलं, झपझप, हात पंखासारखे बाहेर. लाज वाटते तेवढे बाहेर.

खिंडीत पोचलो तेव्हा २ तास ५० मिनिटं झाली होती. माझ्या वहीप्रमाणे तिसरा माथा मागे पडायला हवा होता. माझ्याकडे पाव लिटर पाणी, त्याच्याकडे तेवढंही नाही. खिंडीतून एक वाट सरळ खाली उतरते आणि चार किलोमीटरमध्ये गाडीच्या रस्त्याला लागते, ती आम्हाला नकाशावर दिसत होती.

“काय करायचं?” मी विचारलं.

“आता आलोच आहोत तर...” तो म्हणाला.

डोंगरात सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. आणि मी ते अडवलं नाही, कारण मलाही तिसरा माथा हवा होता. नीट विचार केला असता तर आम्ही तिथूनच उतरायला हवं होतं. तुमच्यासाठी सांगतो: खिंडीत यायला ३ तासांपेक्षा जास्त लागले किंवा माणशी अर्ध्या लिटरच्या आत पाणी असलं, तर तिसरा माथा सोडा. हे आकडे निघण्याआधी एकमेकांना मोठ्याने सांगून ठेवा. दमलेलं डोकं तिथे उभं राहून नवा निर्णय घेत नाही, जुनी हौस पुढे रेटतं.

आम्ही माणशी एक लिटर नेलं होतं. दोन तरी न्या. वाटेत पाणी आहे, पण ते शेवटच्या टप्प्यातल्या ओढ्यात, आणि फिल्टरचं झाकण असलेली बाटली किंवा क्लोरीनची गोळी असल्याशिवाय ते पिऊ नका, कितीही नितळ दिसलं तरी. उलट टोकाची चूकही लोक करतात. तहान नसताना भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहतात, रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून तो आणखी पितो. तहान लागेल तसं प्या, आणि घाम भरपूर जात असेल तर पाण्यासोबत मीठही पोटात जाऊ द्या. खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं या हिशोबाने, पहिल्या अर्ध्या तासापासून. भूक लागल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो.

तिसऱ्या माथ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झाडांत बुडालेला माथा, समोरचं काहीही दिसत नाही. ४५ मिनिटं चढलो, हाताने खूण केली, उतरलो. जोडीदाराच्या पोटऱ्या चढतानाच धरायला लागल्या होत्या.

आणि मग ते ९ किलोमीटर. उंचीच्या आलेखावर हा भाग किती गोड दिसतो! सगळी रेघ खाली. पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो: ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होत जाते. दम लागत नाही, नाडी शांत असते आणि तरी पाय थरथरायला लागतात. याला सरावाशिवाय औषध नाही. चांगली गोष्ट एवढीच की एकदा उतारावर नीट पळून झालं की पुढचे काही आठवडे तोच उतार मांड्यांना तेवढा बाधत नाही. म्हणून इथे येण्याआधी दोन-तीन आठवडे कुठलाही लांब उतार गाठून एकदा सपाटून उतरून या. चढाचा सराव सगळे करतात.

वाट आम्ही इथेच चुकलो. १९व्या किलोमीटरच्या आसपास पायवाटेला एक रुंद, लाकूड वाहून नेण्याचा कच्चा रस्ता मिळतो. खरी वाट शंभरेक पावलांनी डावीकडे झाडीत शिरते, खोडावर रंगाचा पट्टा आहे, पण तो वरून येणाऱ्याला पाठमोरा. रुंद रस्ता उताराचा, दमलेले पाय आपोआप त्याच्यावर राहतात. घड्याळ म्हणत होतं, तुम्ही वाटेवरच आहात. दाट झाडीखाली उपग्रहाचा संदेश पानाफांद्यांवर आपटून येतो आणि ठिपका वीस-तीस मीटर इकडेतिकडे सहज सरकतो, समांतर वाटांच्या ठिकाणी तेवढं पुरतं. पाऊण किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं की ओढ्याचा आवाज डावीकडून यायला हवा, तो येतच नाहीये. परत वर. दीड किलोमीटर आणि १८ मिनिटं. तेव्हापासून नियम केलाय: पाच मिनिटांत खूण दिसली नाही की शेवटच्या खुणेपर्यंत मागे. “पुढे मिळेल” नाही. नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा, फोन विमान मोडवर ठेवा, आणि शिट्टी असू द्या. मदतीची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा. बऱ्याच बॅगांच्या छातीच्या बकलमध्येच शिट्टी असते, एकदा बघा.

माझा घोटा मुरगळला, तोही शेवटच्या सपाट किलोमीटरमध्ये, जिथे मुळं नाहीत, दगड नाहीत, काही नाही. गाडी दिसत होती, मन आधीच तिच्यात जाऊन बसलं होतं.

बॉब ग्रॅहमने जून १९३२ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये २४ तासांच्या आत ४२ माथे केले, तेही टेनिसचे बूट घालून. तिसऱ्या माथ्यावर मला तो आठवला होता आणि थोडा रागही आला होता.

गाडीत कोरडे मोजे, कोरडा शर्ट आणि पाण्याची एक मोठी बाटली ठेवून जा, आणि आल्यावर आधी कपडे बदला, मग बसा. आम्ही आधी बसलो. उठायला वीस मिनिटं लागली. दुहेरी गाठ मारलेली लेस चिखलाने दगड झाली होती, बोटांत जोर नव्हता. जोडीदाराने गाडीची किल्ली गाठीत घुसवून ती सोडवली, बूट ओढून काढला, त्यातलं पाणी ओतलं, आणि सगळ्या उतारभर पहिल्यांदाच बोलला: “जॅकेट धुऊन देतो.”