काट्याच्या केबिनीतलं पोर्ट उघडं ठेवू नका

हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नेटवर्क साधारण सारखंच सापडतं. ऑफिसात राउटर आणि फायरवॉल (नको ती रहदारी अडवणारी), फाटकाजवळ वजनकाट्याची केबिन, केबिनीत एक पीसी, पावतीचा प्रिंटर, बाहेर दोन कॅमेरे. फायरवॉल बसली की मालक निर्धास्त. पण सीझनमध्ये केबिनीत दिवसभर ड्रायव्हर, शेतकरी, व्यापाऱ्यांची माणसं उभी असतात. कुणी कॅमेऱ्याची केबल काढून लॅपटॉपला खोचली तर तो थेट आत. फायरवॉलला पत्ताही लागत नाही, कारण एकाच व्हीलॅनमधली (स्विचवर पाडलेल्या नेटवर्कच्या एकाच कप्प्यातली) रहदारी तिच्यापर्यंत जातच नाही. 'तू कोण?' हे विचारायचं ते केबिनीतल्या स्विचच्या (सगळ्या केबली जोडणाऱ्या डब्याच्या) पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या जागेवर.

त्यासाठी ८०२.१एक्स आहे, २००१ पासूनचं मानक. पोर्ट बंद असतं. पीसी सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) किंवा पासवर्ड देतो, स्विच ते ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे यूडीपी १८१२ वर पाठवतो, होकार आला की पोर्ट उघडतं आणि व्हीलॅनही तिथेच ठरतं. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा स्विच लागतोच. सर्व्हरला मात्र जुन्या पीसीवरचं फ्रीरेडियस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. विंडोजमध्ये आधी 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' ही सर्व्हिस चालू करून ऑटोमॅटिकवर ठेवा. ती बंद असेल तर ऑथेंटिकेशनचा टॅबच दिसत नाही आणि लोक तासभर शोधत बसतात.

प्रिंटर आणि साधे कॅमेरे ८०२.१एक्स बोलत नाहीत, त्यांना मॅक पत्त्यावर (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर) सोडावं लागतं. इथे वेळेचा घोळ होतो. सिस्को स्विच मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारतो, म्हणजे मॅकची पाळी ९० सेकंदांनी येते. तोवर प्रिंटर डीएचसीपीची (नेटवर्कचा पत्ता वाटणाऱ्या सेवेची) वाट पाहून स्वतःच १६९.२५४ चा, बाकी नेटवर्कशी न जुळणारा पत्ता घेऊन मोकळा होतो. पावती निघत नाही, फाटकावर गाड्यांची रांग. अंतर १० सेकंद केलं की सारं ३० सेकंदांत उरकतं. मॅक पत्ता कॅमेऱ्याच्या स्टिकरवरच छापलेला असतो, नक्कल करणं पोरखेळ आहे. म्हणून कॅमेऱ्यांचं व्हीलॅन वेगळं ठेवा आणि तिथून रेकॉर्डरशिवाय कुठेच वाट देऊ नका.

सगळ्यात चकवणारा बिघाड लाइन गेल्यावर येतो. काट्याच्या जुन्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो. वीज परतली की त्याचं घड्याळ काही वर्षं मागे. मग सर्व्हर स्वतःच्या ओळखीसाठी दाखवतो ते सर्टिफिकेट त्याला 'अजून लागू न झालेलं' दिसतं आणि तो ते नाकारतो. नेटवर्क नाही म्हणून वेळ मिळत नाही, वेळ चुकीची म्हणून नेटवर्क नाही. पासवर्ड बदलून, स्विच रीस्टार्ट करून काही होत नाही. सीआर२०३२ सेल बदला, घड्याळ एकदा हाताने लावा.

रेडियस नागपूरच्या मुख्य ऑफिसात ठेवू नका. मधली फायबर तुटली की काटा बंद. सर्व्हर जिनिंगमध्येच, स्विचच्याच यूपीएसवर. तो पडला तर काट्याचा पीसी कुठल्या व्हीलॅनमध्ये जाईल, तेही स्विचवर आधीच ठरवून ठेवा.

केबिनीत कुणी साधा आठ पोर्टचा स्विच मधे घातला असेल तर तो काढा. मानकाप्रमाणे ब्रिज, म्हणजे असा स्विच, ८०२.१एक्सच्या ओळखीचे निरोप (फ्रेम) पुढे सोडत नाही, म्हणून मागच्या पीसीला लॉगिनच होत नाही. काही स्वस्त स्विच सोडतात, पण पोर्ट मल्टी-होस्टवर असेल तर एकाच्या ओळखीवर मागचे सगळे आत शिरतात.

काम पोळ्याच्या आधी करा, कापूस यायला लागल्यावर नको. आधी पंधरा दिवस पोर्ट उघडं ठेवून फक्त लॉग बघा. कुणाच्याच यादीत नसलेलं एखादं यंत्र हमखास निघतं. मगच बंद करा. स्विचला ऑफिसशी जोडणाऱ्या अपलिंकवर ८०२.१एक्स चुकूनही लावू नका. आणि कुलपातल्या रॅकमधलं एक पोर्ट तुमच्यासाठी विनाअट ठेवा, नाहीतर स्वतःचीच सेटिंग दुरुस्त करायला कन्सोल केबल घेऊन उन्हातून केबिनीपर्यंत जावं लागतं.